तुळशी तलाव, वाट सोडून गेलेली तिघं आणि माझा एक मेसेज

हे प्रकरण गेल्या पावसाळ्यातलं आहे. लिहून ठेवायचं ठरवलं होतं पण हात होत नव्हता, कारण चूक माझ्यापासून सुरू झाली आणि हे मान्य करायलाच मला दोन महिने लागले. आता पुन्हा सगळे ग्रुप नॅशनल पार्कात जायला लागलेत, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मी बोरिवली पूर्वेला राहते. आमचा साधा वॉकिंग ग्रुप आहे, व्हॉट्सॲपवर तीसेक जण, प्रत्यक्ष येणारे पंधरा सोळा. मोठे ट्रेकर कोणी नाहीत, सकाळी चालायला आवडतं आणि महिन्यातून एखाद्या रविवारी थोडं जास्त चालतो, एवढंच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आमच्या दारातच, त्यामुळे निम्म्या वेळा तिथेच जातो. त्या रविवारी कान्हेरीच्या लेण्यांच्या वरच्या माळापर्यंत जायचं होतं, रीतसर नोंदणी करून, सोबत गाइड घेऊन. परवानगी त्याच वाटेची होती.

पण मी ग्रुपवर काय टाकलं तर, "रविवारी तुळशी लेक ट्रेल!! कोण कोण येतंय?" आणि खाली एक जुना फोटो, कुठून तरी आलेला, त्यात पाण्याच्या अगदी काठावरून काढलेला तलाव. माझ्या डोक्यात एवढंच होतं की वरून तुळशी दिसतो, तर नाव छान वाटेल, लोक येतील. आणि आले की. सोळा जण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आमच्या ग्रुपमध्ये पंचवीस वर्षं बोरिवलीत राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. नॅशनल पार्कच्या पोटात मुंबईला पाणी पुरवणारे दोन तलाव आहेत, विहार आणि तुळशी. विहार सगळ्यात जुना, १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६० मध्ये शहराला नळाने पाणी मिळायला लागलं ते तिथूनच. त्याआधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर होती. विहार कमी पडायला लागला म्हणून त्याच्या वरच्या अंगाला १८७९ ला तुळशी झाला. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारला जातं आणि विहार भरला की ते मिठी नदीत येतं. पेपरात रोज तलावसाठ्याचा छोटा चौकोन येतो ना, त्यातली शेवटची दोन नावं हीच. दोन्हीकडे कोणालाही उठून जाता येत नाही, आजूबाजूला राष्ट्रीय उद्यान आणि तलाव महापालिकेचे, म्हणजे काठावर जायचं तर वेगळी परवानगी लागते. हे मला माहीत होतं. मी ते मेसेजमध्ये लिहिलं नाही.

तर सकाळी साडेसातला गेटवर जमलो, आतल्या बसने कान्हेरीला गेलो. पाऊस नव्हता पण आभाळ भरलेलं, सगळीकडे पाणी पाझरत होतं. गाइड मुलगा चांगला होता, तिथल्याच भागात वाढलेला. त्याने आधी लेण्यांजवळच्या पोढ्या दाखवल्या, पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. कान्हेरीला शंभराच्या वर लेणी आहेत आणि जागोजागी ही टाकी, काहींमध्ये पावसाचं पाणी यावं म्हणून वर कातळावर बारीक चर खणलेले. काकू, म्हणजे आमच्या सोसायटीतल्या काकांच्या मिसेस, खाली वाकून बघत होत्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा कातळ स्वच्छ राहिला तरच प्यायचं पाणी स्वच्छ." गाइड म्हणाला, "बरोबर काकू, म्हणून वर कोणी घाण करत नसणार." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हे मुद्दाम लिहिते कारण पुढच्या दोन तासांत आमच्यातल्याच तिघांनी काय केलं ते बघा.

दहाच्या सुमारास माळावर पोचलो. कारवी छातीपर्यंत वाढलेली, वाट निसरडी, पण वर आल्यावर समोर एकदम तुळशी. काठोकाठ. चारही बाजूंनी झाडी थेट पाण्यात उतरलेली आणि मधे राखाडी पाणी, पलीकडे धुक्यात विहारची एक पट्टी. मी इतक्या वेळा गेलेय पण त्या दिवशी मीसुद्धा गप्प झाले. इथेच बसून नाश्ता करायचं मी ठरवलं, ही माझी दुसरी चूक. अर्धा तास सोळा जणांना तलावाकडे तोंड करून बसवलं, ज्यांना मी मेसेजमध्ये काठाचा फोटो दाखवला होता.

माझा भाचा, वय २१, इंजिनिअरिंगला आहे, त्याचा एक मित्र आणि ते काका, वय ६४, असे तिघं जरा बाजूला बोलत होते. भाचा मला नंतर म्हणाला, "मावशी, खरं सांगू, आम्हाला वाटलं हे मधलं स्टेशन आहे, ट्रेल अजून खाली जाणार. मग गाइड म्हणाला इथून परत, तर आम्हाला वाटलं एवढं आलो आणि लेकला जायचंच नाही?" काकांचं वेगळं होतं. ते लहानपणी वडिलांच्या ऑफिसच्या लोकांबरोबर परवानगी काढून तुळशीला आले होते, काठावर बसून पोळी भाजी खाल्ल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं. त्यांच्या मनात ती जागा त्यांचीच होती.

वरून बघितलं तर तलाव पायाशीच वाटतो. उताराला एक नाळ दिसत होती, ओढ्याची, दगडगोट्यांची. दहा मिनिटांत खाली, फोटो काढू, वर येऊ, असा हिशोब. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गाइडने अडवलं असतं हे त्यांना कळत होतंच. सव्वादहाला गेले.

गाइडने निघायच्या आधी डोकी मोजली, दहा चाळीसला. तेरा. पुन्हा मोजली. तेरा. काकू म्हणाल्या, "अहो बाथरूमला गेले असतील," आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पोरंही नाहीत. भाच्याला फोन लावला तर रेंज नाही. गाइडने शिट्टी मारली, तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा, काही नाही. आणि बरोबर त्याच वेळी पाऊस आला, इथला ऑगस्टचा पाऊस, हाताचं बोट दिसेना असा. माझ्या पोटात गोळा आला तो आज लिहितानाही येतो. बहिणीला काय सांगणार होते मी?

गाइडने दोन गोष्टी केल्या आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. आमच्यातले दोघं तिघं लगेच त्या नाळेत उतरायला निघाले होते, त्यांना त्याने अक्षरशः हात धरून बसवलं. म्हणाला, "अजून तीन गेले तर मला सहा शोधायला लागतील." दुसरं म्हणजे रेंज मिळेल अशा टोकावर जाऊन त्याने वनरक्षकांना फोन केला आणि तिघांचे कपड्यांचे रंग, वय, काकांना बीपीची गोळी चालू आहे हेसुद्धा सांगितलं. मग आम्हाला सगळ्यांना त्याने लेण्यांपर्यंत खाली आणून बसवलं आणि तो स्वतः माणसं घेऊन परत गेला.

तिकडे काय झालं ते नंतर तुकड्या तुकड्याने कळलं. दहा मिनिटांची वाट बरीच लांबली. नाळ सरळ जात नव्हती, मधे कातळाचा टप्पा होता, तो बाजूने उतरताना कारवीत घुसले आणि दिशा गेली, पण पाणी दिसत होतं म्हणून उतरत राहिले. काठाला पोचले, बूट चिखलाने भरलेले, ते काढून पाण्यात धुतले, पाय धुतले. फोटो काढले. तेवढ्यात पाऊस. परत फिरले तर ज्या नाळेतून उतरले होते तिच्यातून पाणी धो धो येत होतं, तिकडून वर जायचा प्रश्नच नव्हता. काका एका शेवाळलेल्या दगडावरून घसरले आणि घोटा गेला. मग तिघं काठाच्या वरच्या एका मोठ्या खडकावर बसून राहिले. हे मात्र त्यांनी शहाणपणाचं केलं, भाचा म्हणत होता मी एकटा जाऊन रस्ता शोधतो, काकांनी त्याला सोडलं नाही. काका म्हणाले, "चूक झाली तेवढी पुरे, आता इथून हलायचं नाही."

एक दहाला सापडले. दोन वनरक्षक, आमचा गाइड आणि पाड्यावरचे एक आजोबा, ज्यांना तो उतार पाठ होता. आजोबांनी सगळ्यात आधी पाण्याच्या कडेचा चिखल बघितला, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाण्यात कोण गेलं होतं?" तुळशीत आणि विहारमध्ये मगरी आहेत. जंगलात बिबटे आहेत हे बोरिवलीतल्या पोरालाही माहीत असतं, पण मगरीचं आमच्या तिघांच्या डोक्यातच नव्हतं. आणि एका वनरक्षकाने भाच्याला विचारलं, "तहान लागली असेल, पाणी प्यालास का इथलं?" भाचा म्हणाला, "नाही ओ, हे कसं पिणार, आम्ही पाय धुतले यात." वनरक्षक काहीच बोलला नाही. भाचा म्हणतो तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

काकांना झोळी करून तलावाच्या बाजूच्या रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने. हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं, पाच आठवडे प्लास्टर. तिघांचे लेखी जबाब झाले, माझाही झाला, दंड भरला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा त्यात गुन्हा आहे, आणि आम्हाला पुढची कारवाई न करता सोडलं हे त्या माणसांचं मोठेपण. चार तास आमच्यासाठी भर पावसात फिरली होती ती माणसं, स्वतःचा रविवार सोडून.

आता घटना इथे संपली असती. पण पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बसलो तेव्हा खरी चर्चा झाली आणि मला वाटतं या प्रकरणातला महत्त्वाचा भाग तोच आहे.

एक गट म्हणत होता, सुरक्षिततेची चूक झाली, मान्य, पण काठावर जाण्यात एवढं काय. आमच्यातले एक दादा बँकेत आहेत, ते आकडे घेऊनच आले होते. मुंबईच्या सात तलावांचा एकूण साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यात तुळशी ८,०४६ आणि विहार २७,६९८. दोन्ही मिळून अडीच टक्के. एकटा भातसा ७ लाख १७ हजारांच्या वर. मग म्हणाले, अडीच टक्क्यांसाठी एवढी बंदी कशाला, इतक्या सुंदर जागा, रेलिंग लावा, तिकीट लावा, लोकांना काठाने फिरू द्या, शुद्धीकरण केंद्र आहेच ना. त्यांचा मुद्दा वाईट हेतूने नव्हता हे मी आवर्जून सांगते. मुंबईत माणसाला मोकळं चालायला जागा कुठे आहे? दोन बिल्डिंगच्या मधल्या पार्किंगमध्ये आम्ही फेऱ्या मारतो. पाणी दिसलं की माणूस तिकडे ओढला जाणारच.

मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. घरी येऊन वाचलं, लोकांना विचारलं, आणि मग कागद घेऊन बसले.

पहिली गोष्ट, अडीच टक्के हा साठा झाला, माणसं मोजा. तुळशीतून रोज साधारण १८ दशलक्ष लिटर आणि विहारमधून साधारण ९० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर एकट्या तुळशीवर सव्वा लाखाहून जास्त माणसं आणि दोन्ही मिळून आठ लाख. आठ लाख म्हणजे महाराष्ट्रातलं एक चांगलं मोठं शहर झालं. बाकीचं पाणी ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतून मोठमोठ्या जलवाहिन्यांमधून येतं, तिकडच्या गावांच्या उशापायथ्याची धरणं आहेत ती, आणि शहराच्या हद्दीतलं प्यायचं पाणी म्हणाल तर एवढंच, हे दोन तलाव.

दुसरी गोष्ट मला स्वतःला खूप आवडली म्हणून हिशोबासकट देते. तुळशीचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस त्यात येतो ती जमीन, फक्त ६.७६ चौरस किलोमीटर आहे. तेवढ्या जागेत एक मिलीमीटर पाऊस पडला तर होतात ६७ लाख ६० हजार लिटर. तलाव भरायला ८०४ कोटी ६० लाख लिटर लागतात. भागाकार करा, साधारण १,१९० मिलीमीटर पाऊस. म्हणजे पडलेला थेंबन् थेंब तलावात आला असं धरलं तरी मुंबईच्या एका पावसाळ्याच्या निम्म्याच्या आसपास. दुसरीकडून कुठून पाणी येत नाही, नदी नाही, कालवा नाही. तो पावणेसात चौरस किलोमीटरचा जंगलाचा वाडगा हाच सगळा तुळशी. आम्ही ज्या माळावर नाश्ता करत होतो, ज्या नाळेतून तिघं उतरले, ते म्हणजे तलावच, फक्त पाणी अजून खाली पोचलेलं नाही. माझ्या डोक्यात तलाव म्हणजे पाण्याची कड होती, तिथपर्यंत जाऊ नका असा नियम आहे असं मी समजत होते. काकूंनी पोढीवरच्या कातळाबद्दल जे म्हटलं होतं ते इथे जसंच्या तसं लागू आहे.

शुद्धीकरणाचं म्हणाल तर केंद्र आहे आणि पाणी गाळून, क्लोरीन घालूनच येतं. पण केंद्र आहे म्हणून पाण्यात काहीही येऊ द्यायचं असं चालत नाही. उतारावर रोज शेपाचशे बूट चालले की माती सुटते, पावसात ती सगळी खाली जाते, पाणी गढूळ होतं, मग तुरटी जास्त, गाळण्यांवर भार जास्त, आणि वर्षानुवर्षं गाळ साचून तलावच उथळ. माणसांच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून येणारे काही परजीवी तर असे आहेत की नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत, क्रिप्टोस्पोरिडियम हे त्यातलं नाव. खाणं सांडलं की माकडं येतात, कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. साबण, शाम्पू पाण्यात गेला की शेवाळाला खत. यातली कुठलीच गोष्ट एका माणसाने पाय धुतल्याने होत नाही. पण मी "लेक ट्रेल" म्हणून सोळा जणांना बोलावलं, तसे रविवारी बोलावणारे ग्रुप किती आहेत मुंबईत?

तरीही ग्रुपला पटेना, आणि नुसतं आकड्यांनी पटणारही नाही हे मला कळत होतं. म्हणून काकांचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही पवईला गेलो.

पवई कशासाठी? नकाशात बघा, उत्तरेकडून खाली तुळशी, मग विहार, मग पवई, एकाखाली एक. पवई तलावसुद्धा शहराच्या पाण्यासाठीच बांधला होता, १८९० ला. त्याचं पाणलोट क्षेत्र किती तर ६.६१ चौरस किलोमीटर. तुळशीचं ६.७६. म्हणजे जवळजवळ जुळे भाऊ, फक्त अकरा वर्षांचं अंतर, पाऊसही सारखाच. एकाच्या वाडग्यात जंगल राहिलं, दुसऱ्याच्या वाडग्यात शहर आलं. पवईचं पाणी आज प्यायला चालत नाही, उद्योगांना आणि आरे कॉलनीत वापरतात. ५४५ कोटी लिटरचा तलाव आहे तो, भरतोही दर वर्षी, भरल्याची बातमीही येते, आणि त्यातला एक घोट कोणी पिऊ शकत नाही.

आम्ही काठाने चाललो, तिथे चालता येतं. वारा छान होता, लोक पळत होते, पोरं भेळ खात होती, मला ते दृश्य वाईट वाटलं नाही, लोकांना पाण्याजवळ बसायला मिळतंय ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाण्यावर जलपर्णी पसरलेली, हिरवीगार, लांबून कुणाला लॉन वाटावं अशी. ही वाढते ती सांडपाण्यातल्या खतावर, आजूबाजूच्या वस्तीतून तलावात येणाऱ्या सांडपाण्यावर. मशीन लावून काढतात, पुन्हा येते. बँकेतले दादा बराच वेळ कठड्याला टेकून उभे होते. मग म्हणाले, "याचा अन् तुळशीचा एरिया सेम आहे म्हणालात ना?" मी म्हटलं हो. "अन् पाऊसही तोच." हो. पुढे काही बोलले नाहीत, पण त्यांनी अडीच टक्क्यांचा विषय नंतर काढला नाही.

पवईच्याच काठाने महापालिकेने सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक करायला घेतला होता. दगडांच्या जाळ्या टाकून करतोय, भराव नाही, असं म्हणणं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ६ मे २०२२ ला कोर्टाने ते काम बेकायदा ठरवलं, टाकलेलं सगळं काढा आणि जागा होती तशी करा असं सांगितलं. मला यातून काय दिसलं तर, ज्या तलावाचं पाणी प्यायचं बंद झालेलं आहे, त्याच्याही काठाला किती जपावं लागतं, कोर्टापर्यंत जावं लागतं. तुळशीला ते भांडण आज करावं लागत नाही ते एवढ्याचसाठी की त्याचं पाणी अजून कोणाच्या तरी नळाला येतं. ते एकदा बंद झालं की मग प्रत्येकाकडे कारण असेल, रेलिंगचं, तिकिटाचं, फूड स्टॉलचं, आणि मग अडवायला काय उरणार?

तर आम्ही काय बदललं ते सांगते, दुसऱ्या ग्रुपना उपयोगी पडेल म्हणून.

सगळ्यात आधी नाव. हे मला सगळ्यात मोठं वाटतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. नंतर गाइडशी बोलताना मी त्याला म्हटलं की पोरांनी ऐकलं नाही, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हीच त्यांना तलावाला बोलावलं होतं ना." तेव्हापासून आमच्या मेसेजमध्ये जिथपर्यंत परवानगी आहे त्याच जागेचं नाव असतं. "कान्हेरीच्या पोढ्या आणि वरचा माळ." खाली एक ओळ, तलाव वरून दिसतो, आपण तिथे जात नाही, का ते वर गेल्यावर बोलू. फोटो फक्त स्वतः त्या वाटेवर काढलेला. लोक कमी येतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

शेवटचा माणूस ठरलेला असतो. आधी आमच्याकडे पुढे गाइड आणि मागे ज्याला दम लागला तो, असंच चालायचं. आता मागे एक जण नेमलेला, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि थांबलो की मोजणी, निघताना मोजणी. जोड्या लावतो, तुझा जोडीदार दिसत नसेल तर ओरडायचं, लाजायचं नाही. नाश्ता लेण्यांजवळ करतो, माळावर नाही. वर फक्त पाणी प्यायचं, बसायचं, बघायचं, पंधरा मिनिटं. साबण, वेट वाइप्स घरी. जून ते सप्टेंबर ओढ्याच्या नाळेत कोणीही उतरायचं नाही, खाली काहीही दिसत असलं तरी, कारण वर पाऊस पडतोय की नाही हे नाळेत उभ्या असलेल्या माणसाला कळतच नाही.

आणि वर गेल्यावर आम्ही तो हिशोब करतो. शाळेतली पोरं असली तर त्यांनाच करायला लावतो, पाणलोट गुणिले पाऊस. एका आठवीतल्या मुलीने विचारलं, "मग आता मी उभी आहे तिथे पडलेलं पाणी तुळशीत जातं की कान्हेरीकडे?" आम्हाला कोणालाच सांगता येईना. तिने बाटलीतलं थोडं पाणी कातळावर ओतलं आणि सगळे खाली बसून ते कुठे वळतं ते बघत राहिलो. तिला ते इतकं आवडलं की चार पावलं पुढे जाऊन पुन्हा ओतलं, तिथे ते उलट बाजूला गेलं. इतकी वर्षं त्या माळावर जाऊन मला जे कळलं नव्हतं ते एका बाटलीत कळलं.

काकांबद्दल राहिलं. मला वाटलं होतं ते आता येणार नाहीत, काकू तर सोडणारच नाहीत. पण डिसेंबरमध्ये आले, घोट्याला पट्टा बांधून, आणि स्वतःहून म्हणाले, आज शेवटचा माणूस मी होणार. त्यांच्या लहानपणच्या त्या पोळी भाजीच्या गोष्टीबद्दल मी त्यांना परत विचारलं. म्हणाले, "अगं तेव्हा वर्षात किती लोक येत असतील, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता मी गेलो तर माझ्या मागे अख्खी बोरिवली आहे." त्यांच्या आवाजात थोडं दुःख होतं आणि ते असणारच, मला ते खोटं सांत्वन करून घालवायचं नव्हतं. आपल्याला आवडणारी एक जागा लांबूनच बघायची, हे सोपं नसतं.

जानेवारीत पुन्हा गेलो, सोळाच जण होतो, योगायोगाने. तलाव उतरला होता, चारी बाजूंनी लालसर मातीची कड उघडी पडलेली. भाच्याने मित्राची दुर्बीण आणली होती. बराच वेळ तो काठाकाठाने बघत गेला आणि मग मला खांद्याला धरून दाखवलं, तो खडक, ज्यावर ते तिघं बसले होते. पाणी आता त्याच्यापासून खूप खाली गेलं होतं. वर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसलेले. काका मागून म्हणाले, "किती आहेत रे?" भाच्याने दुर्बिणीतून मोजले. सात.